चादरीचं दुसरं टोक

गिरणीवाले आजोबा वॉर्डातले सगळ्यांत जड पेशंट. डाव्या बाजूचं अंग गेलेलं, आणि गेलेलं अंग उचलायला असतं त्याच्या दुप्पट लागतं. त्यांना उशीकडे वर सरकवायचं म्हणजे खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई हवी. अंगाखालची आडवी चादर दोघींनी मुठीत गुंडाळायची, गुडघे वाकवायचे आणि एकदमच उचलायचं. एकीनं जरा घाई केली तरी माणूस तिरका होतो आणि पाठीची कातडी सोलवटते. म्हणून हे काम करणाऱ्या बायका मोठ्यांदा मोजतात. एक, दोन, तीन.

या दोघी मोजत नसत. थोरली उजवीकडे उभी राही, धाकटी डावीकडे. चादर मुठीत आली की थोरली त्याच हातातली अंगठी खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची. टक, टक. पहिल्या टकला श्वास, दुसऱ्याला उचल. आजोबा वर सरकायचे, चादरीला चुणी पडायची नाही, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे न बघता पुढच्या खाटेकडे जायच्या.

"जावाजावा बोलत नाहीत, त्यांची खाट बोलते," असं खिडकीजवळची पाय मोडलेली म्हातारी म्हणायची आणि स्वतःच हसायची.

दोघी एकाच घरात दिलेल्या. थोरल्या भावाची बायको ती थोरली, धाकट्याची ती धाकटी. छातीवरच्या बिल्ल्यावर दोघींच्या नावाखाली 'नर्सिंग असिस्टंट' छापलेलं होतं, पण तो बिल्ला वाचायचा त्रास कुणी घेत नसे. ए मावशी, भांडं आण. ए मावशी, याला पुसून काढ. ए मावशी, तुला ऐकू येत नाही का? थोरली आधी वृद्धाश्रमात होती. पाठीला जखम न होऊ देता माणूस कसा फिरवायचा ते ती तिथे शिकली. धाकटी आधी एका बंगल्यात आजारी बाईंजवळ दिवसभर असायची, आणि बाईंचं सगळं करून झालं की तिला भांडी घासायला लावायचे, कारण बाई झोपल्यावर तू नुसतीच तर बसतेस. दवाखान्यात निदान भांडी नव्हती. दोघींना एकाच वॉर्डात, एकाच वेळेला लावलं ते इन्चार्ज सिस्टरनं. का, तर दोघींची उंची सारखी. उंची सारखी असली की चादर सपाट राहते. त्यांच्या घरात काय चाललंय ते सिस्टरनं विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही.

घरात चालली होती विहीर.

दोघा भावांची शेतं शेजारशेजारी, मध्ये एक हातभर बांध, आणि त्या बांधावर दोघांची मिळून एक विहीर. पाणी भरपूर होतं तोवर भाऊ भाऊ होते. गेल्या उन्हाळ्यात तळाचे दगड दिसायला लागले आणि भावांचे दात दिसायला लागले. तुझ्या वाफ्याला जास्त गेलं, तुझ्या गुरांना जास्त गेलं. एक दिवस धाकट्यानं विहिरीचा मोठा दोर कापून अर्धा नेला. थोरल्यानं त्याला सगळ्यांसमोर बांधावर पाडला. तेव्हापासून विहिरीचे वार वाटून घेतलेले. ज्याचा वार नाही त्यानं काठावर पाय ठेवायचा नाही. आणि दोघांनी आपापल्या बायकोला सांगितलं, त्या घराशी एक शब्द बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस.

आणि बायकांनी ऐकलं! नवरे घरी, बांधावर, एकमेकांवर नजर ठेवून बसलेले. दवाखान्यात यांना बघायला कुणी नाही. तरी या दोघी तिथेसुद्धा गप्प. भांडण नवऱ्यांचं, पण ते खांद्यावर घेऊन रोज कामाला जायच्या. थोरलीला वाटायचं, तिनं आधी बोलावं, ती लहान आहे. धाकटीला वाटायचं, दोर आमच्यांनी कापला हे खरं, पण माझ्या माणसाला मातीत लोळवलं त्याचं काय? एकदा तोंड शिवलं की उसवायला सगळ्यांत अवघड तेच.

आपल्या वाराला थोरली उजाडता उजाडता विहिरीवर जायची. मोठा दोर गेल्यापासून मोठा पोहरा वापरता येत नव्हता. तो दोघींनी मिळून ओढायचा असे. आता प्रत्येकीची आपापली छोटी बादली, आणि बादलीत निम्मा गाळ. पाणी घरात ठेवलं, गुरांना दाखवलं, की एसटीच्या थांब्याकडे. धाकटीही त्याच थांब्यावर, पण झाडाच्या पलीकडे. दिवसभर दुसऱ्यांची अंगं उचलायची. संध्याकाळी परत आल्यावर नवरा ओट्यावर बसून विचारायचा, "आज त्यांनी किती बादल्या काढल्या, बघितलंस?"

"मी कामावर होते."

"येताना दिसलं असेल ना."

जेवलीस का, पाठ दुखते का, हे विचारायला त्याला सुचत नसे. सगळं लक्ष विहिरीत.

त्या दिवशी गिरणीवाल्या आजोबांना तपासणीसाठी खालच्या मजल्यावर न्यायचं होतं. म्हणजे खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायचं. खरं तर हे चार जणांचं काम. वॉर्डबॉयला दोनदा निरोप गेला. "येतोय" म्हणाला. तो जन्मभर येतच होता. ट्रॉलीचा ब्रेकही नावालाच होता, पायाने दाबला तर खाली जायचा आणि धरायचा मात्र नाही. सिस्टरला सांगून झालं होतं, सिस्टरनं वर सांगितलं होतं, आणि वरचे नेहमीप्रमाणे वरच राहिले होते. धाकटीनं ट्रॉली खाटेला लावली आणि ती आपल्या मांडीनं दाबून धरली. मग वाकून ट्रॉलीवरून हात नेला, चादर मुठीत घेतली आणि मान खाली घालून वाट बघत राहिली. रोजची सवय.

थोरली पलीकडे होती. तिच्या लक्षात आलं की लघवीची पिशवी खाटेच्या हुकाला अडकून राहिली आहे. तसं ओढलं असतं तर नळीला आत हिसका बसला असता. तिनं चादर सोडली आणि खाली वाकली.

आजोबांचा मुलगा पायथ्याशी उभा होता. रोज यायचा, वडिलांकडे पाठ करून फोनवर बोलायचा आणि जायचा. "नाही, पैसे आज नाही, उद्या," तो फोनमध्ये सांगत होता, आणि बोलता बोलता हातातली गाडीची किल्ली त्यानं खाटेच्या दांडीवर आपटली. टक, टक.

धाकटीनं श्वास घेतला आणि ओढलं.

आजोबांची कंबर ट्रॉलीच्या कडेवर आली, पाय खाटेवरच राहिले, पलीकडून धरणारा हात नव्हताच. धाकटीनं सगळं वजन छातीवर घ्यायचा प्रयत्न केला, तेवढ्यात मांडीचा दाब सुटला आणि ट्रॉली मागे सरकली. आजोबा खाट आणि ट्रॉलीमधल्या फटीतून खाली गेले. आवाज मोठा झाला नाही. ओलं पोतं ठेवावं तेवढाच. आजोबांच्या तोंडाची चांगली बाजू उघडली आणि त्यातून एक बारीक, लांब सूर निघत राहिला.

थोरली खाटेखाली वाकलेली होती. तिच्या डोळ्यांसमोरच ते पडले.

मुलगा ओरडायला लागला. "मारलंत! माझ्या बापाला मारलंत तुम्ही!" फोन अजून हातात होता, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

खुबा मोडला होता.

आता दोघींच्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं. धाकटीला पक्कं वाटत होतं की जाऊबाईंनी खूण केली आणि मुद्दाम हात सोडला. टक टक तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. एवढा सूड? एका आजारी माणसाच्या जिवावर? आणि थोरलीला वाटत होतं, खूण नसताना धाकटीनं ओढलं. थांबायचं नाही तिला, कधीच थांबायचं नाही, नवऱ्यासारखीच. खाली वाकलेली असताना थोरलीच्याही कानावर काहीतरी वाजलं होतं, पण वॉर्डात दिवसभर काहीतरी वाजतच असतं. एकीनं दुसरीला एवढंच विचारलं असतं, "अगं, तू का ओढलंस?" तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण विचारायचं कसं? बोलायचं नव्हतं ना.

सिस्टरनं थोरलीला कपडे ठेवायच्या खोलीत बोलावलं. धुतलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ मावशी. तो मुलगा मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यावर बसलाय. त्याला कुणाची तरी नोकरी घालवायचीच आहे. उद्या डॉक्टर दोघींना बोलावणार. दोघींना काढलं तर माझा वॉर्ड उचलणार कोण? म्हणून मी म्हटलंय, एकीची चूक आहे, एकीला काढा. तूच ठरव काय सांगायचं ते."

"आणि ब्रेकचं?"

"ब्रेकचं नाव काढू नकोस. ब्रेकला कामावरून काढता येत नाही."

मग तिनं धाकटीला बोलावलं आणि हेच सांगितलं, हेच शब्द, तोच ढीग. ब्रेकबद्दल धाकटीनं विचारलं नाही म्हणून तेवढं राहिलं.

संध्याकाळी बातमी दोघींच्या आधी गावात पोचली होती. थोरलीचा नवरा ओट्यावर नव्हता, आज तो चक्क थांब्यावर घ्यायला आला होता. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली.

"कुणी ओढलं?" त्यानं विचारलं.

"तिनं."

"मग झालं तर! सांग की तसं. खोटं थोडंच आहे?"

"तिची नोकरी जाईल."

"जाऊ दे!" तो रस्त्यातच थांबला. त्याचे डोळे चमकत होते. "अगं, तिच्या पगारावर तर तो टेकलाय. पगार बंद झाला की येईल शुद्धीवर. दोन महिने. दोन महिन्यांत विहिरीचा हिस्सा सोडून देईल बघ. आपण काहीच करायचं नाही. तू फक्त खरं बोल."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. आजोबांचं कळवळणं अजून तिच्या कानात होतं, आणि हा माणूस त्यातून पाणी काढत होता. तिनं पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. जड आहे, तुम्हाला सवय नाही."

बांधापलीकडच्या घरात तेच चाललं होतं. चुलीपाशी बसलेल्या धाकटीच्या समोर तिचा नवरा उकिडवा बसला होता. "सांग, थोरलीनं खूण केली आणि सोडून दिलं. तूच म्हणतेस ना, खूण ऐकली? मग भितेस कशाला?"

"खुणेचं सांगितलं तर विचारतील, खूण कशाला? तोंड नव्हतं का?"

"मग खुणेचं सांगू नको. नुसतं तिनं सोडलं म्हण." तो पुढे सरकला. "तिचा पगार गेला की दादा मोठ्या माणसासारखं वागणं विसरेल. मग बघू कोण कुणाला पाडतं ते."

धाकटीनं लाकूड आत सारलं. म्हणाली, "म्हातारा पडला, त्याचं तुम्हाला काहीच नाही."

"तो काय आपला आहे?"

"रोज मी धुते त्याला. माझ्या हातातला आहे."

नवऱ्याला हे कळलं नाही. त्यानं विचारलं, जेवायला वेळ आहे का अजून.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दोघी उभ्या. खुर्च्या होत्या, पण त्या यांच्यासाठी नव्हत्या. सिस्टर भिंतीला. गिरणीवाल्यांचा मुलगा पायावर पाय टाकून डॉक्टरांच्या लोखंडी टेबलाशी. खोलीतला पंखा टेबलाकडे तोंड करून ठेवलेला, वारा तेवढ्यापुरताच. थोरलीच्या गणवेशाची पाठ घामानं चिकटली होती.

"एवढंच सांगा, चूक कुणाची?" डॉक्टर म्हणाले. "मला पुढे ऑपरेशन आहे. यांच्याच वडिलांचं."

दोघी टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या.

"बोला ना मावशी. एरवी तर वॉर्डात तुमची तोंडं बंद होत नाहीत."

या दोघींना हे ऐकावं लागलं! सिस्टर खाली बघू लागली.

"बघा, हे असं आहे," मुलगा म्हणाला. "अशा बायकांच्या हातात आम्ही माणसं सोपवतो. ना शिक्षण, ना लाज. मी तिथेच होतो डॉक्टर, माझ्या डोळ्यांदेखत टाकलं त्यांना. एकीचं लक्ष नव्हतं आणि दुसरीला घाई. मला नाव पाहिजे, बस्स." आणि बस्स म्हणताना त्यानं हातातली किल्ली टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटली. टक, टक.

धाकटीचे गुडघे वाकले. दोन्ही मुठी आवळून पोटाशी आल्या, श्वास छातीत गेला. समोर चादर नव्हती, आजोबा नव्हते, तरी अंग उचलायला तयार झालं होतं. आणि थोरलीनं हे पाहिलं ते स्वतः वाकलेली असतानाच, कारण तिच्याही मुठी तशाच आवळल्या गेल्या होत्या. दोघी एकमेकींसमोर रिकाम्या मुठी घेऊन अर्ध्या वाकलेल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं.

धाकटीनं किल्लीकडे पाहिलं. मग जाऊबाईंच्या अंगठीकडे. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं? चक्कर आली का?" डॉक्टर म्हणाले.

"साहेब," थोरली मुलाला म्हणाली. "ती किल्ली परत वाजवा."

"काय?"

"परत वाजवा म्हणते. काल खाटेच्या दांडीवर वाजवलीत तशी. फोनवर पैसे उद्या देतो म्हणत होतात, तेव्हा वाजवलीत तशी!"

मुलानं किल्ली मुठीत लपवली. लहान मुलानं चोरलेली वस्तू लपवावी तशी.

मग थोरलीनं सगळं सांगितलं. विहिरीपासून सांगितलं. हसू येण्यासारखंच होतं ते, आणि सांगताना तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, कारण ऐकणाऱ्यांच्या ओठांच्या कडा हलताना तिला दिसत होत्या. आम्ही दोघी बोलत नाही. मोजत नाही. मी अंगठी वाजवते. मी पिशवीची नळी सोडवायला वाकले, किल्ली वाजली, हिनं ओढलं. हिला वाटलं मी वाजवली. मला वाटलं हिनं मनानं ओढलं. "आणि ब्रेक धरत नाही त्या ट्रॉलीचा," ती म्हणाली. "हिनं मांडीनं धरली होती. मांडीला काळंनिळं झालंय हिच्या. बघायचं असेल तर बघा."

"म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "एवढा जड पेशंट तुम्ही दोघी रोज मुक्यानं उचलत होतात? विहिरीच्या भांडणापायी?" आणि ते हसले. हसू दाबत नाकातून हसले.

"हो," थोरली म्हणाली. "चूक आमची आहे. लाज वाटावी अशीच आहे. पण इतके दिवस आम्ही दोघीच उचलत होतो, चार जणांचं काम, तेव्हा या खोलीतून कुणी विचारायला आलं नाही की बायांनो, कसं उचलता. पडला तेव्हा विचारता. आणि नाव एकीचंच पाहिजे तुम्हाला. एकीचं नाही. दोघींचं लिहा."

"दोघींचं," धाकटी म्हणाली.

"माझ्या किल्लीमुळे! वा!" मुलगा उठला. "आता माझ्यावर आलं का? डॉक्टर, दोघींनाही काढा. आजच."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. एवढ्या सहज, जसं कुणी खिडकी लावू का विचारलं असावं.

दोघी जिन्यापर्यंत पोचल्या असतील नसतील, मागून सिस्टर धावत आली. तिच्या तोंडावर शरम होती, पण शरमेपेक्षा घाई जास्त. "मावशी, थांबा गं. आजोबांना ऑपरेशनला न्यायचंय. ट्रॉलीवर घ्यायचंय. माझ्याकडे कुणीच नाही. तेवढं करून जा."

थोरलीला जिन्यावरच बसून घेऊन हसावंसं वाटलं, किंवा काहीतरी फोडावंसं. कामावरून काढलं ते या उचलण्यासाठी, आणि पाय बाहेर पडायच्या आत बोलावलं तेही या उचलण्यासाठी! त्यांना बाई नको होती, नुसते हात हवे होते. ते कापून इथे खुंटीला टांगून ठेवता आले असते तर तेही केलं असतं यांनी.

"नाही जायचं," ती म्हणाली.

धाकटी मात्र उभी राहिली. "जाऊबाई, दुसरं कुणी धरलं तर मोडलेला खुबा आतून फिरेल."

कित्येक महिन्यांनी तिनं जाऊबाई म्हटलं होतं. थोरलीनं जिन्याचा कठडा सोडला. मग वळली.

आजोबांनी दोघींना पाहिलं आणि तोंडाची चांगली बाजू हलली. भीती होती की ओळख, कळलं नाही. मुलगा वॉर्डात आधीच येऊन पायथ्याशी उभा होता, किल्ली हातात.

"साहेब, तिथे उभे राहू नका," थोरली म्हणाली. "पायाकडची चादर धरा."

"मी?"

"चार जणांचं काम आहे. आम्ही दोघी आणि सिस्टर, तीन झाले."

मुलानं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर आधीच ट्रॉलीला कंबर लावून डोक्याकडे उभी होती. चादर धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून तो किल्ली ठेवायला जागा शोधू लागला. टेबलावर औषधं होती. पँटचा खिसा तंग होता. "जरा धरता का," तो धाकटीला म्हणाला, तिचे दोन्ही हात चादरीत होते. तिनं नुसतं पाहिलं. शेवटी तो वाकला आणि त्यानं ती किल्ली फरशीवर, आपल्या वडिलांच्या भांड्याशेजारी ठेवली.

"मूठ घट्ट. गुडघे वाकवा. कंबर नाही, गुडघे," थोरली म्हणाली आणि धाकटीकडे पाहिलं. "म्हण."

"एक," धाकटी म्हणाली. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. खिडकीजवळची म्हातारी उठून बसली.

"दोन," थोरली.

मुलाच्या कपाळावर घाम आला होता. बापाचं वजन त्यानं कधी हातात घेतलं नव्हतं. तोंड उघडून तो या दोघींच्या तोंडाकडे बघत होता.

"तीन!"

आजोबा हलले नाहीत, कण्हले नाहीत, सपाट ट्रॉलीवर आले. मुलानं चादर सोडली. तो काहीतरी बोलणार होता, पण दोघी त्याआधी बिल्ले काढून सिस्टरच्या हातात देऊन निघाल्या होत्या.

एसटीत दोघी एकाच बाकावर बसल्या. फारसं बोलल्या नाहीत. एवढे दिवस साठलेलं एकदम कुठून काढायचं? धाकटी एकदा म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम सोडलं." थोरली म्हणाली, "मलाही तसलंच वाटलं." मग उतरायच्या आधी थोरली म्हणाली, "वृद्धाश्रमात माणसं लागतात. तिथल्या बाईंना ओळखते मी. उद्या जाऊ. दोघींना घेत असतील तर."

"आणि एकीलाच घेतलं तर?"

"तर नाही."

बांधावर ऊन उभं होतं. दोन्ही भाऊ आपापल्या बाजूला, आपापल्या सावलीत, दवाखान्याची बातमी यायची वाट बघत बसलेले. बायका बरोबर येताना दिसल्या तसे दोघेही उठले.

"कुणाचं नाव सांगितलंस?" थोरल्यानं दुरूनच विचारलं.

"दोघींचं. दोघींची गेली."

"दोघींची?" त्याला आधी कळेचना. मग तो पेटला. "डोकं फिरलं का तुझं? हातातलं घालवलंस! अगं, नुसतं खरं बोलायचं होतं!"

"बोलले."

बांधापलीकडून धाकटाही ओरडत होता. तू का कबूल झालीस, आता खायचं काय, तुला कुणी शिकवलं हे. दोघे भाऊ कित्येक महिन्यांनी एकसुरात बोलत होते, एवढी एक गोष्ट या सगळ्यातून साधली होती.

थोरलीनं नवऱ्याकडे पाठ केली. गोठ्यात जाऊन उपडा पडलेला मोठा पोहरा काढला, त्यातली कोळिष्टकं पुसली. धाकटी आपल्या घरात गेली आणि कापून आणलेला दोर खांद्यावर घेऊन बाहेर आली. नवरा आडवा आला तर ती त्याला वळसा घालून आली. विहिरीवर राहिलेल्या अर्ध्या दोराचं आणि या दोराचं टोक दोघींनी एकमेकांत बांधलं. गाठ जाड झाली. थोरलीनं दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग पोहऱ्याची कडी अडकवली आणि दोर चाकावरून सोडला. पोहरा खाली गेला, तळाला लागला, पाण्यात कलंडला.

"ए! आज वार कुणाचा आहे?" धाकटा बांधावर चढून बायकोवर ओरडला. "आज आमचा वार आहे! थोरलीला उतरव काठावरून!"

"माझ्या बायकोला हात लावून तर बघ!" थोरला धावत आला.

कुणीच काठावरून उतरलं नाही. चाकाच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी, दोघींच्या मुठीत दोर, गुडघे वाकलेले.

"बाजूला व्हा दोघेही," थोरली म्हणाली. "वजन आहे." आणि मग नवऱ्यांकडे न बघता धाकटीला म्हणाली, "हं. मोठ्यांदा म्हण."

धाकटीनं श्वास घेतला आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक."